लिफ्टमधली ॲसिडिटी

"ॲसिडिटी झालीये त्याला," मी म्हणाले.

कुत्र्याला ॲसिडिटी. जुलै महिना, सकाळचे पावणेआठ, बाहेर पाऊस नुसता ओततोय आणि मी पाचव्या मजल्यावरून लिफ्टने खाली येतेय, एका हातात चिवड्याचा पट्टा, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट थांबली आणि तिथली छोटी आत शिरली. पहिलीत आहे ती, रेनकोटच्या आतच दप्तर अडकवलेलं त्यामुळे पाठीला कुबड आल्यासारखी दिसत होती, मागोमाग तिची आई. छोटी नेहमीसारखी "चिवडाऽऽ" करत खाली बसलीच. त्याने तिचा अख्खा तळवा चाटला, बोटांच्या बेचक्यांसकट, अगदी मन लावून, तिने नुकताच नाश्ता केला असणार. मग तिने तो हात गालाला पुसला. तिची आई म्हणाली, "बारीक झालाय का हो हा? बरगड्या दिसायला लागल्यात." आता माझ्या त्या कापडी पिशवीत काय होतं तर फरसाणवाला हिरवी चटणी बांधून देतो तसली प्लास्टिकची डबी, आणि डबीत चिवड्याची त्या सकाळची ताजी शी, झाकणावर स्केचपेनने तारीख घातलेली, लॅबला द्यायला. महिनाभरापूर्वीचा रिपोर्ट माझ्या फोनमध्ये होता, त्यात जिआर्डिया असं ठळक लिहिलेलं होतं. आणि मी म्हणाले ॲसिडिटी.

"अय्या, यांनाही होते का?" त्या म्हणाल्या. "जिरं भाजून द्या हो थोडं. आमच्या ह्यांना लगेच फरक पडतो."

संध्याकाळी बेल वाजली. दारात छोटी, हातात स्टीलची इवलीशी डबी, आतमध्ये भाजून कुटलेलं जिरं, अजून कोमट. "आईने चिवडासाठी दिलंय." त्या वासाने माझं पोट जे आवळलं ते मला आजही आठवतंय. डबी मी ओट्यावरच्या फळीवर ठेवून दिली आणि तिच्याकडे बघायचं टाळायला लागले.

खोटं का बोलले याचा मी नंतर बराच विचार केला. एक कारण सोपं आहे, सोसायटी. आमच्याकडे कुत्रा आला त्या महिन्यातच मीटिंगमध्ये "लिफ्टमध्ये जनावरं" हा विषय निघाला होता. प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ सालच्या सूचनांची प्रिंट नवऱ्याने काढून फाइलला लावून ठेवलीये, पाळीव कुत्र्याला लिफ्ट बंद करता येत नाही वगैरे, पण कागद हातात असला म्हणून माणसांच्या नजरा बदलत नाहीत. अशा वेळी "याच्या आतड्यात परजीवी आहेत आणि ते शीवाटे पसरतात" हे वाक्य लिफ्टमध्ये उच्चारायचं म्हणजे आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा. हे झालं वरचं कारण. पण खरं कारण त्याच्या खाली कुठेतरी होतं. कारण त्या क्षणी माझ्या डोक्यात सोसायटी बिसायटी काही नव्हतं, फक्त तो शब्द तोंडातून निघेना. जिआर्डिया हा काही आपण ज्याला जंत म्हणतो तो प्रकार नाहीच, तो एकपेशीय जीव, डोळ्यांना दिसतही नाही. पण त्यांनी "म्हणजे काय?" असं विचारलं असतं तर मला शेवटी "पोटात जंत असतात ना, तसंच काहीसं" असं म्हणावं लागलं असतं. तो शब्द.

मी आठ वर्षांची असताना मिरजेला मामाचं लग्न होतं. पंगत बसलेली, मी फ्रॉकची झालर सावरत पाटावर, समोर पान, जिलबीचं ताट माझ्याकडे सरकत येतंय. वाढपी वाकला, चिमट्यात दोन जिलब्या, पाक थेंब थेंब गळतोय, आणि पलीकडच्या ओळीतून आत्या ओरडली, "तिला नको रे गोड! तिला जंत झालेत!" सगळी पंगत माझ्याकडे बघायला लागली. म्हणजे खरं तर कोणी बघितलंही नसेल, पंगतीत लोक आपापल्या पानात बघतात, पण मला तसं वाटलं. चिमटा माझ्या पानावरून पुढच्या पानावर गेला. पाकाचा एक थेंब मात्र माझ्या पानात पडला आणि तो मी बोटाने पुसून खाल्ला. त्या वर्षी आजीने मला महिनाभर वावडिंग उकळलेलं पाणी पाजलं होतं. झोपेत दात खाते म्हणून, गुडघे दुमडून झोपते म्हणून, नखं कुरतडते म्हणून, जे काही मी करायचे त्याचं निदान जंत. माझी धाकटी मावसबहीण मला वर्षभर "जंतुली" म्हणायची. आज ती बँकेत मॅनेजर आहे आणि तिला हे आठवत नाही.

आजोळच्या वाड्यात एक मोती होता, सगळ्या आजोळच्या वाड्यांत असतो तसा. तो अंगणभर बूड घासत फरफटत चालायचा आणि आम्ही पोरं "मोतीची गाडी सुटली" म्हणून टाळ्या पिटायचो. त्याला काय होतंय हे कोणी बघितलं नाही. वाळत वाळत गेला आणि एका उन्हाळ्यात आम्ही पोचलो तर नव्हताच.

चिवडा आमच्याकडे आला गेल्या नोव्हेंबरात, धायरीतल्या एका बांधकामाच्या साइटवरून. दोन महिन्यांचा असेल. अंगावर पिवळा, मध्येच काळे ठिपके, मध्येच पांढरं, म्हणून हे नाव. ढोल पोट, त्याखाली काडीसारखे पाय. आम्हाला वाटलं खाऊन पिऊन टुणटुणीत आहे. तिसऱ्या दिवशी त्याने हॉलमध्ये उलटी केली आणि त्यात शिजवलेल्या शेवयांसारखं काहीतरी होतं, आणि त्या शेवया हलत होत्या. मी सोफ्यावर उभी. ते गोलकृमी. डॉक्टरांना काहीच नवल वाटलं नाही, म्हणाले पिल्लांमध्ये ते आईच्या पोटातूनच येतात, म्हणजे जन्माला यायच्या आधीच पाहुणे आत बसलेले, म्हणून तर पिल्लाला दोन आठवड्यांचं झाल्यापासून दर पंधरवड्याला जंताचं औषध द्यायचं असतं. याला अर्थातच कोणी दिलेलं नव्हतं. पिवळं गोडसर औषध, त्याने बोटासकट चाटून खाल्लं, पुढचे दोन दिवस मी जे बघितलं ते लिहीत नाही, आणि त्यानंतर ते पोट असं बसलं की फुग्यातली हवा गेल्यासारखं. मला वाटलं झालं, संपलं प्रकरण.

मार्चपासून पुन्हा सुरू झालं. पण वेगळं. ताप नाही, सुस्ती नाही, खेळणं चालू, पण शी कधी बरी, कधी अगदी पातळ, कधी वर शेंबडासारखा चिकट थर, आणि वास असा की खालच्या मजल्यावर कळावं. तीन दिवस चांगली, मग पुन्हा घसरण. डॉक्टरांच्या क्लिनिकच्या भिंतीवर एक तक्ता आहे, १ ते ७ नंबरचा, फोटोंसकट. १ म्हणजे कडक खडे, ७ म्हणजे नुसतं पाणी, आणि २ म्हणजे सोनं. मी डायरी घातली. तारीख, वेळ, नंबर, काय खाल्लं. नवरा ऑफिसला पोचायच्या आत त्याला मेसेज, "आज ५". त्याचं उत्तर, "अरेरे". आमचं वैवाहिक जीवन काही महिने या दोन शब्दांवर चाललं होतं. शेजारच्या काकांनी एकदा विचारलं की शाळेत मुलांना देतात ती जंताची गोळी का देत नाही, अर्धी करून. मी डॉक्टरांना विचारलं तर ते खुर्चीत सरळ बसले, म्हणाले अजिबात नाही, ती अल्बेंडाझोल, माणसाच्या पोरांना चालते पण कुत्र्यांच्या अस्थिमज्जेवर परिणाम करू शकते, आणि मुळात याला कसले जंत आहेत हे कळल्याशिवाय अंदाजपंचे काही द्यायचं नाही.

पहिलं सँपल दिलं तर रिपोर्ट कोरा. मी खूश, डॉक्टर खूश नाहीत. म्हणाले, हा प्राणी रोज दर्शन देत नाही. शीमधून त्याची अंडीवजा गाठोडी पडतात, त्यांना सिस्ट म्हणतात, पण ती आज पडतील, उद्या नाही, परवा पुन्हा, म्हणून एका दिवसाच्या सँपलवर भरवसा ठेवायचा नाही, चार-पाच दिवसांत तीन वेळा आणा. म्हणून त्या चटणीच्या डब्या. लॅब बंद असली की त्या फ्रिजमध्ये ठेवायच्या, वर आणखी एक पिशवी, वर आणखी एक. एकदा आईने त्या कोथिंबिरीच्या डब्यामागे बघितल्या. आई आमच्याकडेच असते. तिने काही म्हटलं नाही. पण त्या संध्याकाळी तिने कोथिंबीर नसलेली आमटी केली आणि दुसऱ्या दिवशी नवऱ्याने गपचूप एक थर्माकोलचा डबा आणि बर्फाच्या पिशव्या आणल्या.

तिसऱ्या दिवशी मी ताजं सँपल घेऊन थेट क्लिनिकमध्येच गेले होते, आणि डॉक्टरांनी काचेवर सलाईनचा थेंब टाकून माचिसच्या काडीने त्यात जरासं मिसळलं, वर पातळ काच ठेवली, आणि दोन मिनिटं डोळा लावून बसले. मग म्हणाले, या, बघा. मला आधी नुसता राखाडी चिखल दिसला. मग त्यांनी चाक जरा फिरवलं आणि त्या चिखलात काहीतरी सुटं झालं, पेरूच्या फोडीसारखं, एकीकडे गोल, एकीकडे निमुळतं, आणि ते पोहत नव्हतं तर कलंडत होतं. झाडावरून वाळकं पान गळताना गिरक्या घेत, या कुशीवरून त्या कुशीवर होत खाली येतं ना, हुबेहूब तसं. एक गेलं, मग दुसरं. मी कितीतरी वेळ डोळा काढला नाही. मागे बाकावर एक पोपटवाले आजोबा बसले होते, ते म्हणाले, "ताई, सिनेमा आहे का?" खरं सांगू का, सुंदर होतं. ज्याने माझी झोप उडवली, गालिचा फेकायला लावला, माझ्या कुत्र्याच्या बरगड्या वर आणल्या, ते बघून मला किळस यायला हवी होती आणि माझ्या मनात आलं की किती हलकं आहे हे.

घरी येऊन वाचत बसले तर कळलं की हे पहिल्यांदा बघितलं ते १६८१ साली, हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या लेवेनहूक नावाच्या कापडव्यापाऱ्याने, स्वतः घासलेल्या भिंगातून. आणि कशात बघितलं तर स्वतःच्या शीमध्ये. पोट बिघडलेलं होतं त्याचं, म्हणून उत्सुकतेने बघितलं. आणि बघून गप्प बसला नाही, लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून कळवलं की मला जुलाब होत होते आणि त्यात असे असे इवलेसे प्राणी दिसले. साडेतीनशे वर्षं होत आली, त्या माणसाने आपले जुलाब समुद्रापलीकडे कळवले. आणि मला दोन मजले खाली सांगता आलं नाही.

औषध ठरलं. फेनबेंडाझोल, किलोला ५० मिलीग्रॅम, म्हणजे आमच्या १२ किलोच्या ऐवजाला रोज ६०० मिलीग्रॅम, ५ दिवस. औषध हा सगळ्यात सोपा भाग. अवघड भाग ओल. ती गाठोडी ओलसर गारव्यात आठवडेच्या आठवडे तग धरतात, कुत्रा स्वतःचं बूड चाटतो आणि पुन्हा त्याच्याच पोटात जातात, म्हणजे औषधाने आतले मेले तरी बाहेरचे वाटच बघत असतात. ती मरतात कशाने तर उकळत्या पाण्याने आणि कडकडीत वाळवण्याने. आता पुण्यात जून-जुलैत कडकडीत वाळवून दाखवा. आमच्या घरात टॉवेल तीन दिवस दांडीवर असतो आणि तरी त्याला कुबट वास येतो. मी त्याची गोधडी उकळत्या पाण्यात घालायची, पिळायची, पंख्याखाली टाकायची आणि शेवटी इस्त्री करायची. रात्री साडेदहाला कुत्र्याच्या गोधडीला इस्त्री. वाफ निघायची, त्यात डेटॉल आणि ओल्या कुत्र्याचा वास, आणि चिवडा समोर बसून बघायचा कारण त्याला वाटायचं गरम गोधडी हा त्याच्यासाठी काढलेला खास लाड आहे. ताटली, वाटी रोज उकळत्या पाण्यात. शी पडली की तिथल्या तिथे उचलायची. पाचव्या दिवशी, औषध संपतं त्या दिवशी, अंघोळ, मागच्या बाजूला विशेष लक्ष देऊन, केसांना चिकटलेलं सगळं निघून जायला हवं. आणि हे सगळं करून आम्ही खाली फिरायला गेलो तर हा पठ्ठ्या पार्किंगमध्ये एका स्कूटरच्या चाकाखालच्या डबक्यातलं पाणी लपालपा प्याला. दोन सेकंद. मी पट्टा ओढेपर्यंत पिऊन झालं होतं.

लिफ्टमध्ये माझ्या पिशवीत होतं ते या सगळ्यानंतरचं सँपल. ते पुन्हा पॉझिटिव्ह आलं.

दुसरा कोर्स. आणि या वेळी जेवणाचा भाग जास्त कडक, कारण इतके महिने सुजून सुजून त्याची आतडी हुळहुळी झालेली, म्हणजे परजीवी गेले तरी पोट लगेच गुण्यागोविंदाने चालेल असं नाही. चमचाभर दूधही नाही. उकडलेलं चिकन, मऊ भात, उकडून कुस्करलेला लाल भोपळा, मीठ नाही, मसाला नाही, दिवसातून चार वेळा थोडं थोडं. नेहमीचं कोरडं खाणं पुन्हा सुरू करायचं तेही आठ-दहा दिवसांत, पाव वाटी, मग अर्धी, एकदम नाही. हे सगळं सुरू झालं नेमकं श्रावणात. आईने एवढंच म्हटलं की श्रावणात माझ्या ओट्यावर कोंबडी नको. त्यामुळे महिनाभर गॅलरीत, वॉशिंग मशीनवर इंडक्शन शेगडी ठेवून, छत्री लावून, मी छोट्या कुकरमध्ये चिकन शिजवत होते. पावसाचा सपका आला की शेगडी झाकायची. शिट्टी झाली की समोरच्या बिल्डिंगमधली मांजर कठड्यावर यायची. लाल भोपळा मात्र ओट्यावर चालायचा, आणि तो आईच उकडून द्यायची, साल काढून, बिया वेगळ्या धुऊन, अगदी निगुतीने.

तरीही मधूनच ५. मधूनच ६. मी हैराण. डॉक्टर विचारायचे, बाहेरचं काही खातो का? नाही. घरात कोणी काही देतं? नाही हो, सगळ्यांना बजावलंय. एके रात्री झोप येईना म्हणून डायरी घेऊन बसले, सगळ्या वाईट दिवसांवर लाल पेनने गोल केले आणि बघत राहिले. एप्रिलमध्ये एक, मेमध्ये एक, जूनमध्ये एक ठळक, जुलैत एक, ऑगस्टमध्ये एक. बाकीचे गोल विखुरलेले, त्यांचं खापर जिआर्डियावर. पण हे पाच अगदी नेमाने, एकोणतीस-तीस दिवसांच्या अंतराने. मला आधी वाटलं चंद्राचा काही संबंध असेल, मी खरंच तसं गूगल केलं, कुत्रा आणि चंद्र. मग स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले तर भिंतीवर कालनिर्णय. प्रत्येक गोल संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी.

संकष्टीला आई दिवसभर उपास करते, रात्री चंद्रोदय बघून सोडते. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट सढळ, तूप, मिरची. रात्री उकडीचे मोदक किंवा निदान गूळ-खोबऱ्याचं सारण, वरणभात. मी सकाळी तिला विचारलं, "आई, तू संकष्टीला याला काही देतेस का?" ती लाल भोपळा सोलत होती. "मी? छे. मी कशाला देईन?" चिवडा तिच्या पायाशी बसला होता आणि "संकष्टी" ऐकून त्याने शेपटी हलवली. शप्पथ. निदान मला तसं दिसलं. मी काही बोलले नाही, नुसती डायरी तिच्यासमोर ठेवली. तिने चष्मा लावून पानं उलटली, बोटाने तारखा मोजल्या, आणि बराच वेळ गप्प राहून म्हणाली, "एक मोदक गं. तोही अर्धा. दारात मुकं जनावर बसलेलं असताना नैवेद्य दाखवून आपणच खायचा? बाप्पाला काय वाटेल?" मग थोड्या वेळाने, "आणि खिचडी थोडीशीच. त्याला दाणे आवडतात."

मला राग आला होता, खरंच. पाच महिने मी त्याची शी चमच्याने डबीत भरतेय, इस्त्री करतेय, आणि इथे गणपतीच्या नावाने तूप-गूळ-खोबरं. पण रागावता येईना. कारण ती जे म्हणाली ना, "मी? छे," त्यातला सूर मला ओळखीचा होता. आवाज जरा वर, हातातलं काम चालू ठेवून, नजर भोपळ्यावर. लिफ्टमध्ये माझा हाच सूर होता, फक्त नजर मजल्यांच्या लाल आकड्यांवर होती.

तोपर्यंत मी छोटीच्या बाबतीत भरपूर वाचून काढलेलं होतं. खोटं आधी बोलले, वाचलं नंतर, हा क्रम मी स्वतःशी मान्य केलाय. या जिआर्डियाच्याही जाती आहेत. कुत्र्यांमध्ये बहुतेक वेळा सापडतात त्या सी आणि डी, माणसांना होतात त्या ए आणि बी, त्यामुळे कुत्र्याकडून माणसाला लागण व्हायची शक्यता कमी. हे वाचून मी मोठा श्वास घेतला होता. पण कमी म्हणजे शून्य नाही, कुत्र्यांमध्ये कधी कधी ए आणि बी पण निघतात, आणि आपल्या नेहमीच्या लॅबच्या रिपोर्टमध्ये आहे किंवा नाही एवढंच येतं, जात येत नाही. म्हणजे चिवड्याच्या पोटात कोणती होती हे मला कधीच कळणार नाही. डॉक्टर म्हणाले साबणाने हात धुवायचे, सॅनिटायझरवर भागवायचं नाही, आणि लहान मुलांना तोंड चाटू द्यायचं नाही, बस. एवढं एक वाक्य होतं सांगायचं. एवढंच. ते मी जिऱ्याच्या डबीसमोर रोज मनात म्हणून बघायचे आणि खाली जायची वेळ आली की जिन्याने जायचे. पाच मजले. चिवड्याला वाटायचं नवीन खेळ आहे.

ती डबीही एक पीडा होऊन बसली. कोणाची डबी रिकामी परत द्यायची नसते, हे आपल्याकडे रक्तात असतं. दोन महिने फळीवर पडून होती, आतलं जिरं मी ताकात वापरून संपवलं. चांगलं होतं, कुटायच्या आधी नीट भाजलेलं. गणपतीत आईने खिरापत केली, खोबरं, खडीसाखर, खसखस, खारीक, बदाम, तेव्हा मी ती डबी भरली आणि खाली गेले. दारात रांगोळी, आत आरतीची तयारी, छोटी टाळ घेऊन फिरतेय. मी डबी दिली आणि दारातच उभ्या उभ्या सांगून टाकलं. ॲसिडिटी नव्हती. जिआर्डिया होता. मला माहीत होतं. आता दोन रिपोर्ट लागोपाठ निल आलेत. हे सगळं मी एका दमात, प्रसादाच्या डबीवर हात ठेवून, शी, सँपल, सिस्ट असले शब्द वापरत बोलले. आतून कोणीतरी "सुखकर्ता" सुरू केलं.

त्यांनी डबीकडे बघितलं. "म्हणजे तेव्हा लिफ्टमध्ये..."

"हो."

"हिचं पोट बिघडलं होतं जुलैत, दोन-तीन दिवस." मी काही बोलू शकले नाही. मग त्याच म्हणाल्या, "पण तेव्हा सगळ्यांचंच बिघडलेलं होतं, शाळेत अर्धा वर्ग घरी होता." त्या थांबल्या. मला वाटलं आता येईल, लिफ्ट, मीटिंग, सेक्रेटरी. पण त्यांच्या डोक्यात वेगळंच होतं. "मी जिरं पाठवलं हो तुमच्याकडे," त्या म्हणाल्या. एवढंच. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी जिरं पाठवलं. मग म्हणाल्या, "या ना आत, आरती घ्या," आणि मी गेले, आणि उभी राहून टाळ्या वाजवल्या, आणि मला एकही शब्द नीट आठवला नाही.

त्यानंतर पंधरा-वीस दिवस छोटी लिफ्टमध्ये आली की हात पाठीमागे बांधून कोपऱ्यात उभी राहायची. तिला तसं सांगितलेलं असणार आणि ते बरोबरच होतं. चिवड्याला मात्र कळायचं नाही. तो तिच्यासमोर बसायचा, मान वाकडी करायचा, पंजा उचलून हवेत धरायचा. मी पट्टा आखूड करायचे. तिची आई हसायच्या, पण आधीसारखं नाही, जरा मोजून. मध्ये एकदा जिन्यात भेटल्या तेव्हा त्यांनीच विचारलं आता कसं आहे, म्हणून मी त्यांना तो १ ते ७ चा तक्ता फोनवर दाखवला, त्यांना तो भयंकर आवडला, म्हणाल्या हा आमच्या सासूबाईंना दाखवते. छोटी त्यांच्या कमरेशी उभी राहून ऐकत होती हे माझ्या लक्षात आलं नाही.

परवा सकाळी लिफ्टमध्ये आम्ही बरेच जण होतो. मी, चिवडा, सेक्रेटरी काका वर्तमानपत्र घेऊन, सातव्या मजल्यावरचा तो इअरफोनवाला मुलगा, आणि तिसऱ्यावर या दोघी चढल्या. संकष्टी होऊन दोन दिवस झालेले. आईने या वेळी त्याला मोदकाऐवजी उकडलेल्या लाल भोपळ्याचा गोळा दिला होता, वरून मोदकासारख्या कळ्या पाडून, आणि त्याला नैवेद्य दाखवून. लिफ्ट खाली निघाली, सगळे आकड्यांकडे बघत गप्प, आणि छोटी हात पाठीमागेच ठेवून मोठ्यांदा म्हणाली,

"काकू, आज चिवडाला शीमध्ये किती मार्क?"

सेक्रेटरी काकांचा पेपर खाली आला. इअरफोनवाल्याने एक इअरफोन काढला. तिची आई म्हणाली, "अगं!"

"दोन," मी म्हणाले.

"सातपैकी दोन?" तिने चिवड्याकडे फार वाईट नजरेने बघितलं. "नापास?"